गळू आलंय? आधी बोटं आवरा

मांडीवर, काखेत, नाहीतर मानेवर कॉलर घासते तिथे लाल गाठ येते आणि दोन दिवसांत ठसठसू लागते. कुणी तिला केसतूड म्हणतं, कुणी करट. घरात निदान तयारच असतं: "आंबे जास्त झाले!" आंबे बिचारे निर्दोष आहेत. केसाच्या मुळाशी बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू शिरलेला असतो. साधारण तिघांपैकी एकाच्या नाकात तो एरवीही गुपचूप राहतो. उन्हाळ्यातला घाम आणि घट्ट कपड्यांचं घासणं त्याला आत वाट करून देतं.

गळू पिळू नका, सुईने टोचू नका. पू बाहेर येण्याऐवजी आत खोल जातो. नाकाजवळच्या आणि वरच्या ओठावरच्या गळवाशी तर खेळूच नका, तिथल्या शिरा थेट मेंदूजवळच्या शिरांना मिळतात.

खरा उपाय शेक. स्वच्छ सुती फडकं सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून पिळा, आधी मनगटाला लावून बघा, मग गळवावर दहा-पंधरा मिनिटं धरा. गार झालं की पुन्हा बुडवा. असं दिवसातून तीन-चार वेळा. मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर पाणी दुसऱ्याला तपासायला सांगा. चुन्याचा लेप नको, कातडी भाजते. मेडिकलमधली 'सगळ्यावर चालणारी' ट्यूबही नको, तिच्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं.

तोंड पडून पू वाहू लागला की साबणाने धुवा, कोरडी गॉज लावा, भिजली की बदला. टॉवेल, दाढीचं ब्लेड वेगळं. हात धुणं आलंच.

लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढून ठेवा. लाली रेघेबाहेर गेली, ताप आला, गळू चेहऱ्यावर असलं किंवा एकाच गळवाला दोन-तीन तोंडं दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तान्हं बाळ आणि मधुमेही यांनी तर वाट पाहूच नये. बाकीच्यांनी आठवडाभरात उतार पडला नाही तर जावं. साठलेल्या पुवाला बऱ्याचदा चिराच द्यावा लागतो, नुसत्या गोळ्यांनी भागत नाही. गोळ्या दिल्याच तर ठणका थांबला म्हणून अर्ध्यात सोडू नका.

आणि गळवं पुन्हा पुन्हा येत असतील तर साखर तपासून घ्या. मधुमेह असल्याचं काहींना असंच, गळवाच्या निमित्ताने कळतं.