नव्या साय-फाय आणि फँटसी कादंबरीवर नेमकं मत कसं द्यावं

‘भन्नाट आहे, नक्की वाचा’ किंवा ‘फारच रेंगाळते’ एवढ्यावरून पुस्तक घ्यावं की नाही, हे कुणालाच ठरवता येत नाही. या प्रकारात लेखक सुरुवातीलाच एक अशक्य गोष्ट मान्य करायला लावतो, आणि आपण ती मुकाट्याने मान्य करतो. त्या सवलतीचं त्याने पुढे काय केलं, याचा हिशेब मतात यायलाच हवा. तो मांडायचा तर तयारी वाचतानाच करावी लागते.

आधी पुस्तक स्वतंत्र आहे की मालिकेतला खंड, ते पाहून घ्या. लांबीही पाहा. साय-फाय आणि फँटसीसाठी दिल्या जाणाऱ्या ह्यूगो पुरस्काराच्या नियमांत 40,000 शब्दांपासून पुढे कादंबरी आणि 17,500 ते 40,000 शब्दांत लघुकादंबरी धरतात. अलीकडे गाजलेली बरीच पुस्तकं या दुसऱ्या गटातली आहेत. त्यांच्यावर ‘जग पुरेसं उभं राहिलं नाही’ असा ठपका ठेवताना तेवढ्या पानांत काय मावतं, याचं भान ठेवावं. अनुवाद असेल तर आवृत्तीही तपासा. ल्यू त्सिशिन यांच्या ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’च्या चिनी पुस्तकात सांस्कृतिक क्रांतीचा भाग मध्यावर येतो, तर 2014च्या इंग्रजी अनुवादात तोच सुरुवातीला आहे. दोन आवृत्त्या वाचलेल्यांची सुरुवातीबद्दलची मतं जुळली नाहीत, तर त्यात नवल नाही.

आता टिपणं. फोनमध्ये किंवा वहीत तीन रकाने पुरतात: नियम, त्याची किंमत, पान क्रमांक. पहिल्या दहा टक्क्यांत फक्त नियम उतरवा, मत नको. समजा, पान 40वर कळलं की वैद्य दुसऱ्याची जखम बरी करू शकते, पण तेवढीच जखम तिला स्वतःच्या अंगावर घ्यावी लागते. नियम आणि किंमत, दोन्ही रकाने भरले. मग पान 380वर ती एका रात्रीत अख्ख्या तुकडीला उभं करते आणि सकाळी ठणठणीत असते. लगेच ‘लेखक स्वतःचाच नियम विसरला’ असं लिहायला घेऊ नका. मागे जाऊन शोधा. ई-पुस्तक असेल तर ‘जखम’ हा शब्द टाकून पाहिलं की काम लवकर होतं. पान 112वर ही जखम अनेकांत वाटून घेता येते असं ओझरतं येऊन गेलं असेल, तर ती चूक नव्हे, लेखकाची पेरणी आहे, आणि तिचं कौतुक करायला हवं. असं काहीच सापडलं नाही, तर दोन्ही पानांसह तक्रार मांडा. तिला वजन येतं ते अशा पुराव्याने.

नियम पाळला तरी तो कथेला लागतोच असं नाही. म्हणून शेवटी एक कसोटी लावा: ती अशक्य गोष्ट काढून टाकली तर मुख्य पेच शिल्लक राहतो का? अंतराळयानाऐवजी साधं जहाज घातलं आणि काहीच बदललं नाही, तर साय-फाय फक्त पोशाखापुरतं आहे. अशी कादंबरी रंजक असू शकते, पण तिला ‘कल्पनेची झेप’ म्हणणं वाचकाची दिशाभूल आहे.

थोडं गणितही करावं. मंगळापर्यंत संदेश एका बाजूने जायला ग्रहांच्या अंतरानुसार साधारण 3 ते 22 मिनिटं लागतात. तेव्हा पृथ्वीशी झटपट सवाल-जवाब होत असतील तर कारण दिलेलं हवं. सूर्याचा सर्वांत जवळचा तारा प्रॉक्झिमा सेंटॉरी सुमारे 4.24 प्रकाशवर्षं दूर आहे, म्हणजे प्रकाशाच्या एक दशांश वेगाने जायला 42 वर्षं. स्वतःभोवती मिनिटाला दोन फेऱ्या घेणाऱ्या अंतराळ स्थानकात पृथ्वीइतकं वजन जाणवायला त्रिज्या जवळपास 224 मीटर लागते. स्थानक लहान असेल तर ते जास्त वेगाने फिरवावं लागतं, आणि मग माणसांना भोवळ येते. फँटसीत नकाशा उघडा: सामानसुमानासह पायदळ दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर चालतं. 600 किलोमीटर चार दिवसांत पार झाले तर तो प्रश्न विचारण्याजोगा आहे.

इथे बरेच हुशार वाचक घसरतात. सापडलेली प्रत्येक चूक त्यांना सारखीच मोठी वाटते. कथेचा निर्णायक क्षण ज्या चुकीवर टेकलेला आहे, तीच मोठी. दरबारी कारस्थानांच्या कादंबरीत निर्वात पोकळीत स्फोटाचा आवाज आला, तर त्यासाठी अर्धं वाक्य पुरे. आणि लेखकाने प्रकाशापेक्षा वेगवान प्रवास मान्य करून घेतलाय, तिथे प्रकाशवर्षांचा हिशेब काढू नये.

कथनातल्या प्रयोगांवरचा निकाल मात्र पुस्तक संपेपर्यंत राखून ठेवा. ॲन लेकी यांच्या ‘ॲन्सिलरी जस्टिस’मध्ये (2013) निवेदक सगळ्यांसाठी स्त्रीलिंगी सर्वनाम वापरते. एन. के. जेमिसिन यांच्या ‘द फिफ्थ सीझन’मध्ये (2015) एक धागा ‘तू’ असं संबोधत सांगितलाय. दोन्हीकडे सुरुवातीला अडखळायला होतं. कुठे अडखळलात, कितव्या प्रकरणात सरावलात आणि त्यामुळे कुठलं पात्र वेगळं दिसलं, हे लिहा. ‘उगाच प्रयोग’ या दोन शब्दांत यातलं काहीच येत नाही.

लिहायला बसल्यावर 400 ते 500 शब्द पुरेसे. कथानक तीन वाक्यांत, तेही पहिल्या पाव भागापर्यंतचंच. त्यापुढचं उघड करायचं असेल तर स्पॉयलरची सूचना आधी द्या. मग एकच प्रसंग निवडून नीट उलगडा. दहा प्रसंगांना हात लावला की एकही दिसत नाही. पुरस्काराचा उल्लेख करताना तो कुणी दिला ते सांगा: ह्यूगोसाठी वर्ल्डकॉन या जागतिक साय-फाय संमेलनाचे सदस्य मतदान करतात, नेब्युलासाठी साय-फाय आणि फँटसी लेखकांच्या संघटनेचे सदस्य, तर आर्थर सी. क्लार्क पुरस्कार परीक्षक मंडळ ठरवतं. तिन्हींची पसंती बऱ्याचदा वेगळी निघते.

पुस्तक अर्धवट सोडलं असेल तर किती टक्क्यांवर आणि कशामुळे, ते पहिल्याच ओळीत लिहा. मालिकेचा पहिला खंड असेल, तर त्यात कुठले प्रश्न सुटले आणि कुठले लटकत ठेवले, ते वेगवेगळं नोंदवा. पुढचा खंड वाचून मत पालटलं तर जुनं पुसू नका; त्याखाली तारीख घालून नवं जोडा, म्हणजे नेमकं काय पालटलं ते वाचणाऱ्याला कळेल.