३६० घ्यावा की साधा ॲक्शन कॅमेरा? विकत घेण्याआधी हे करून बघा

पावसाळी ट्रेकचे बेत सुरू झाले की कॅमेऱ्याचे सल्लेही सुरू होतात. "डोळे झाकून ३६० घे, चारही बाजूंचं शूट होतं, फ्रेम काय, नंतर ठरवता येते." यातलं एकही वाक्य खोटं नाही, आणि तरीही हा सल्ला वाईट आहे. त्या "नंतर"मध्ये किती काम आहे, हे सांगणारा सांगतच नाही. मी दोन्ही प्रकारचे कॅमेरे नेमाने वापरतो: भोवतालचं सगळं एकदम टिपणारा ३६०, आणि एकाच दिशेला बघणारा छोटा, साधा ॲक्शन कॅमेरा. निवड करायची तर या क्रमाने करा.

१. काय शूट करणार ते ठरवा

हरिहर गडाच्या पायऱ्या चढताना दोन्ही हात खोबणीत असतात आणि छाती कातळापासून वीतभर लांब. तिथे हेल्मेटवर किंवा छातीवर बसणारा साधा ॲक्शन कॅमेराच हवा. सॅकवर दांडी लावून वर काढलेला ३६० पहिल्याच वळणावर कातळाला घासेल. बाईकवरचा घाट, सायकल, पोहणं, म्हणजे जिथे नजर एकाच दिशेला आहे, तिथेही साधाच.

वारीतलं रिंगण किंवा ढोलपथकाचा सराव मात्र वेगळा. तिथे घटना तुमच्या भोवती घडते. अश्व डावीकडून येऊन मागे जाईपर्यंत साधा कॅमेरा नेमका कुठे धरायचा? ३६० मधोमध ठेवा आणि बिनधास्त उभे राहा. एकट्याने फिरणाऱ्यालाही तो सोयीचा, कारण लांब दांडीवर धरला की कुणीतरी दुसऱ्याने शूट केल्यासारखं दिसतं.

२. खोक्यावरचा आकडा वाचायला शिका

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मलाही हे नीट उमगायला बराच काळ लागला होता, कारण दुकानदार आकडा सांगतो, त्याचा अर्थ सांगत नाही.

साध्या कॅमेऱ्याचा ४के म्हणजे ३८४० पिक्सेल (चित्राचे ठिपके) रुंदी, आणि ती सगळी तुम्ही बघताय त्या दृश्याची. ३६० चा ५.७के म्हणजे ५७६० पिक्सेल, पण ते पूर्ण वर्तुळावर पसरलेले. कणीक थोडी जास्त आहे, पण पोळी कितीतरी मोठी लाटली आहे. हिशोब सोपा आहे: ५७६० ला ३६० ने भागा, एका अंशाला १६ पिक्सेल आले. तुम्ही ९० अंशांचं दृश्य कापून काढलं तर हातात आले १४४०. फुल एचडीला १९२० लागतात! ८के चा ३६० घेतला तर ७६८० भागिले ३६०, म्हणजे अंशाला साधारण २१. ९० अंशांत कसेबसे फुल एचडीपुरते. म्हणजे "८के" लिहिलेला कॅमेरा, कापल्यानंतर, साध्या ४के कॅमेऱ्याच्या निम्म्या रुंदीचं चित्र देतो. त्यात आणखी झूम केलं की कड्यावरचं गवत हिरवा लगदा होतं.

हे वाईट आहे का? मोबाईलवर बघायच्या रीलला अजिबात नाही. घरच्या मोठ्या टीव्हीवर बघणार असाल तर फरक लगेच कळतो. पहाटेच्या अंधारात किंवा विसर्जन मिरवणुकीत रात्री तर तो जास्तच बोचतो.

आणि "फ्रेम नंतर" ही सोय फक्त ३६० मध्येच आहे असंही नाही. गोप्रो या साध्या ॲक्शन कॅमेऱ्यात हीरो ११ मॉडेलपासून ८:७ अशी जवळपास चौकोनी फ्रेम मिळते. त्यातून आडवा व्हिडिओ आणि उभा रील दोन्ही काढता येतात. बऱ्याच लोकांची गरज इथेच भागते.

३. एडिटिंगची तालीम घ्या, तीही कॅमेरा घेण्याआधी

पुण्या-मुंबईत कॅमेरे भाड्याने मिळतात. ३६० एका शनिवार-रविवारसाठी आणा, सिंहगडावर दहा मिनिटांचं फुटेज काढा आणि त्याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ स्वतःच्या फोनवर किंवा लॅपटॉपवर स्वतः बनवा. मित्राच्या भारी मशीनवर नको.

मग कळतं की प्रत्येक क्षणी कॅमेऱ्याने कुठे बघायचं हे तुम्हालाच सांगावं लागतं. ॲप माणसाचा माग धरतं, पण तो झाडामागे गेला की चुकतं, आणि पावसात सगळ्यांचे पोंचो सारखे असले की मध्येच दुसऱ्याच्या मागे लागतं. ते हाताने दुरुस्त करायचं, मग एक्सपोर्ट करत बसायचं. हे काम तुम्हाला आवडलं तर ३६० घ्या. रविवारी रात्री कंटाळून फोन बाजूला ठेवलात तर साधा घ्या, आणि दुसऱ्या कुणाचंही ऐकू नका.

४. सांधा तपासा

३६० मध्ये दोन लेन्स पाठीला पाठ लावून असतात आणि चित्रं कडेला जोडली जातात. त्या सांध्यावर जवळची वस्तू आली की ती तुटते: हँडल वाकडं दिसतं, शेजाऱ्याचा अर्धा कान गायब होतो. म्हणून एक लेन्स सरळ माणसाकडे हवी, कॅमेऱ्याची अरुंद कड कधीच नाही. दांडीही कॅमेऱ्याच्या सरळ रेषेत ठेवा, तरच ती चित्रातून नाहीशी होते.

५. पाणी आणि दगड

३६० च्या लेन्स दोन्ही बाजूंना फुगीर असतात. टेबलावर आडवा ठेवला तरी एक घासतेच. लेन्स गार्ड लावलात तर सेटिंगमध्येही तसं निवडा, नाहीतर सांधा बिघडतो. तारकर्लीला पाण्याखाली नेणार असाल तर कॅमेरा वॉटरप्रूफ असणं पुरेसं नाही. पाण्यात प्रकाश वेगळा वळतो, लेन्सचा आवाका कमी होतो आणि जोड जमत नाही. त्यासाठीची खास डाइव्ह केस लागते. त्यापेक्षा तिथे साधा कॅमेरा न्या.

६. खर्च

जास्तीची बॅटरी, व्ही३० दर्जाचं (व्हिडिओ वेगाने साठवणारं) मेमरी कार्ड आणि ३६० असेल तर लांब दांडी, हे धरूनच बजेट करा. जुनं मॉडेल स्वस्त मिळतंय म्हणून ३६० घेत असाल, तर आधी वरचा भागाकार त्या मॉडेलच्या आकड्यावर करून बघा.