कोड लिहायच्या आधीच सिस्टिम कुठे तुंबणार ते कसं काढायचं

सिक्वेन्स डायग्राम (सिस्टिमचा कुठला भाग कुणाला कधी कॉल करतो ते बाणांनी दाखवणारं चित्र) काढून झाली की रिव्ह्यूपुरती दाखवायची आणि नंतर कुणी उघडायचं पण नाही, असंच चालतं बहुतेक ठिकाणी. पण त्यातल्या प्रत्येक बाणावर दोन आकडे लिहा: एका रिक्वेस्टमागे तो कॉल किती वेळा होतो, आणि दर वेळी कुठला रिसोर्स किती मिलिसेकंद अडकतो. आकडे नसतील तर छोटा प्रोटोटाइप करून मोजा, तेही जमत नसेल तर अंदाज लिहा, पण लिहाच.

लगेच सिम्युलेटर (सिस्टिमच्या मॉडेलवर खोटा लोड चालवून बघायचं टूल) उघडू नका, आधी कागदावर बघा. समजा एका रिक्वेस्टला डेटाबेसच्या ३ क्वेरी, प्रत्येकी ८ मिलिसेकंद, म्हणजे २४. सेकंदाला ३० रिक्वेस्ट आल्या तर डेटाबेस ७२% बिझी. आता साधं सूत्र: २४ भागिले (१ वजा ०.७२), म्हणजे रांगेत थांबण्यासकट साधारण ८६ मिलिसेकंद. लोड ४० वर गेला की ९६% बिझी आणि वेळ थेट ६००! लोड वाढला एक तृतीयांश, वेळ सातपट. आणि एक क्वेरी कमी केली तर त्याच ४० ला फक्त ४४, ते पण नवीन हार्डवेअर न घेता.

मग सिम्युलेशन कशाला? तर हे सूत्र एकच रांग धरतं आणि रिक्वेस्ट रँडम येतात असं मानतं. कनेक्शन पूलमधलं (डेटाबेसच्या ठरावीक कनेक्शनचा सामायिक साठा) कनेक्शन हातात धरून थ्रेड बाहेरच्या एपीआयची वाट बघत बसलाय, डेटाबेस मस्त मोकळा आणि तरी सगळे रांगेत, असलं काही त्यात दिसतच नाही. हे जेएमटी या सिम्युलेशन टूलमध्ये माऊसने काढता येतं, पायथन येत असेल तर सिमपाय ही लायब्ररी बरी, पूल म्हणजे तिथे एक रिसोर्स ऑब्जेक्ट, बास. यूएमएलला (अशा डायग्राम काढायची प्रमाण भाषा) मार्टे नावाचं प्रोफाइल, म्हणजे जोड, आहे हे आकडे डायग्राममध्येच ठेवायला, पण छोट्या टीमला ते जड जातं असं माझं मत.

रन करताना सुरुवातीचा भाग फेकून द्या, कारण सिस्टिम रिकामी असते तेव्हा सगळंच फास्ट दिसतं (मी एकदा हे विसरलो आणि खूश होऊन रिपोर्ट पण पाठवला होता). वेगवेगळे सीड (रँडम आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा) देऊन दहाएक रन घ्या, सरासरीसोबत ९५वा पर्सेंटाइल (ज्या वेळेच्या आत ९५% रिक्वेस्ट उरकतात तो) पण बघा. आणि लिटलचा नियम लावून तपासा: सिस्टिममधल्या सरासरी रिक्वेस्ट = थ्रूपुट (सेकंदाला पूर्ण होणाऱ्या रिक्वेस्ट) गुणिले वेळ. वरच्या ३० च्या केसमध्ये डेटाबेसपाशी साधारण २.६ यायला हव्यात, जुळत नसेल तर मॉडेलमध्येच बग आहे.

आलेला आकडा क्लायंटला वचन म्हणून देऊ नका, दोन डिझाइनची तुलना करायला वापरा. पहिला बिल्ड आला की खरे मिलिसेकंद मोजून अंदाजाच्या जागी टाका आणि परत चालवा.