क्लॉक नसलेलं सर्किट शिकायला घेताना

असिंक्रोनस, म्हणजे क्लॉकच्या ठोक्याशिवाय चालणारं, सर्किट सिम्युलेशनमध्ये चाललं, एवढ्यावरून ते बरोबर आहे असं मानू नका. नव्यानं येणाऱ्याला मी हेच आधी सांगतो. सिम्युलेशनची एक फेरी विलंबांचा एकच संच तपासते. क्लॉक काढला की कोणी कोणासाठी थांबायचं, हे जागोजागी तुम्हालाच ठरवावं लागतं.

सुरुवात मुलरच्या सी-एलिमेंटपासून करा. दोन्ही इनपुट १ झाली की आउटपुट १, दोन्ही ० झाली की ०, एरवी जुनी किंमत कायम. तीन अँड गेट, एक ऑर गेट आणि आउटपुट परत आत नेणारी फीडबॅकची तार घेऊन ते कागदावर काढा. आता समजा, दोन्ही इनपुट १ झाली, आउटपुट वर गेलं, पण ते फीडबॅकच्या अँड गेटमधून फिरून यायच्या आतच एक इनपुट खाली आलं. आउटपुट कोसळतं. म्हणजे ‘फीडबॅक आधी पोचतो’ हे गृहीतक त्या चार गेटांत दडलेलं असतं. अशी ‘हे आधी, ते नंतर’ गृहीतकं मी वहीत लिहून ठेवतो. पडताळणीची खरी यादी तीच.

मग हँडशेकचा (दोन भागांतल्या ‘रिक्वेस्ट’ आणि ‘पोच’ सिग्नलांच्या देवाणघेवाणीचा) सिग्नल ट्रान्झिशन ग्राफ, म्हणजे कोणता सिग्नल कोणानंतर बदलतो याचा आराखडा, काढा आणि डेडलॉक (सगळेच एकमेकांसाठी अडकून बसणं), हॅझर्ड (आउटपुटवर नको ती क्षणिक उसळी) वर्कक्राफ्टमध्ये तपासा. हे टूल मोफत आहे. ले-आउटनंतर, म्हणजे चिपवर गेट आणि तारांच्या जागा ठरल्यावर, मात्र वहीतली प्रत्येक ओळ टायमिंग टूलला कन्स्ट्रेंट (पाळायची अट) म्हणून द्यावी लागते. फीडबॅकचे लूप कुठे तोडायचे तेही तुम्हीच सांगा, नाहीतर टूल स्वतःच्या सोयीनं तोडतं आणि नको तो मार्ग तपासणीतून निसटतो. सिंथेसिसनं (वर्णनावरून गेटांचं सर्किट बनवणाऱ्या टूलनं) ‘निरुपयोगी’ समजून विलंबाचे बफर उडवू नयेत, यासाठी त्यांना हात लावू नको असंही बजावावं लागतं.

वेगासाठी सदरलंड यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या मायक्रोपाइपलाइन, म्हणजे हँडशेकनं जोडलेल्या टप्प्यांच्या साखळ्या, समजून घ्या. त्या दोन-फेज आहेत, म्हणजे सिग्नलचा वर-खाली प्रत्येक बदल हीच एक घटना. चार-फेज (दर वेळी सिग्नल परत शून्यावर येणाऱ्या) बंडल्ड डेटामध्ये, जिथे डेटासोबत विलंब लावलेली रिक्वेस्ट जाते, रिक्वेस्ट खाली येण्यात वेळ फुकट जातो, म्हणून विलंबाची साखळी अँड गेटांची करून मूळ रिक्वेस्ट प्रत्येक गेटला थेट द्यावी. चढताना पूर्ण विलंब मिळतो, उतरताना सगळी गेट एकदम पडतात. मला ही युक्ती फार आवडते.

पहिला प्रोजेक्ट म्हणून फिफोची (आधी आलेला डेटा आधी बाहेर सोडणाऱ्या टप्प्यांची) रिंग करा आणि टोकन, म्हणजे आत फिरणारे डेटाचे नग, वाढवत वेग मोजा. टोकन कमी असली की टप्पे रिकामे बसतात, जास्त झाली की पुढे सरकायला जागा उरत नाही. मधला शिखरबिंदू कुठे येतो, तो आलेखावर काढा.