निसर्गशिबिराचं धोरण लिहिताना: मुलांची माहिती आणि सगळ्यांची सोय

सह्याद्रीत मुलांची शिबिरं घेणारे बहुतेक गट डोंगराची तयारी चोख करतात. दोर, प्रथमोपचाराची पेटी, जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचा नंबर, आग्या मोहोळ असलेली वाट टाळणं, सगळं जागच्या जागी असतं. गोपनीयता आणि समावेशन म्हटलं की मात्र कुठून तरी उतरवलेलं एक पान फाइलला लावलेलं सापडतं. त्यात ‘आम्ही भेदभाव करत नाही’ आणि ‘आपली माहिती सुरक्षित राहील’ अशी दोन वाक्यं असतात. त्यावरून तंबूत, पंगतीत किंवा बसमध्ये नेमकं काय करायचं हे कुणालाच कळत नाही.

मी पुण्याहून शाळकरी मुलांना राजमाची, लोहगड, भंडारदरा या बाजूंना घेऊन जाते. हे दोन विषय वेगळे लिहूच नयेत, असं माझं ठाम मत आहे. रात्री अंथरूण ओलं होणाऱ्या मुलाचा विचार करा. त्याला जास्तीची स्लीपिंग बॅग हवी असते. ती मिळवायला त्याला कुणाला तरी सांगावं लागतं, आणि सांगितलेलं पसरेल या भीतीने तो शिबिराला येतच नाही. म्हणून धोरणाची पहिली ओळ अशी लिहा: सोय मिळवण्यासाठी कोणत्याही मुलाला चारचौघांत स्वतःबद्दल काही सांगावं लागणार नाही. पुढचं सगळं या ओळीतून काढता येतं.

आधी फॉर्मला कात्री लावा

फॉर्ममधल्या प्रत्येक प्रश्नापुढे लिहा: याचं उत्तर मिळालं तर आपण काय वेगळं करणार? ज्याच्यापुढे काही लिहिता येत नाही तो प्रश्न काढून टाका. जात, धर्म, वडिलांचा व्यवसाय इथेच गळतात. रक्तगट विचारायची आपल्याकडे फार हौस आहे, पण रक्त द्यायची वेळ आली तर रुग्णालय स्वतः तपासून घेतं, फॉर्मवरच्या रक्तगटावर कुणी रक्त चढवत नाही. आधार कार्डाची प्रतही नको. कुठे ओळख दाखवावी लागली तर शाळेचं ओळखपत्र बघा, आणि आधारच लागणार असेल तर शेवटचे चार आकडेच दिसणारी प्रत पालकांकडून मागवा.

ठेवायचं ते एवढंच: दमा, फिट्स, मधुमेह, ॲलर्जी, चालू औषधं, नुकतंच झालेलं आजारपण किंवा शस्त्रक्रिया, आणि दिवसा-रात्री लागतील असे दोन फोन नंबर. अपंगत्वाचा रकाना आणि त्यापुढे हो-नाहीच्या चौकटी ठेवू नका. त्याऐवजी मोकळी जागा सोडून विचारा: ‘तुमच्या मुलाला कशात मदत लागते, आणि ती कुणी, कशी केलेली त्याला आवडते?’ उत्तरं वाचून अंगावर मूठभर मांस चढतं. ‘उतारावर हात धरू नका, पुढे चाला, तो तुमच्या खांद्यावर हात ठेवेल.’ ‘गर्दीत आवाज वाढला की तिला दहा मिनिटं बाजूला बसू द्या, समजवायला जाऊ नका.’ अशा एका ओळीवरून गट सांभाळणाऱ्या ताईला जे कळतं ते निदानाच्या नावावरून कळत नाही.

कायद्याचंही बघून घ्या. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला दीड वर्षाची मुदत दिलेली आहे. या कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. संमती मागताना दिलेली सूचना मराठीत वाचायला मिळायला हवी, आणि संमती काढून घेणं ती देण्याइतकंच सोपं हवं. म्हणजे गूगल फॉर्मवर एका टिचकीत घेतलेली संमती मागे घ्यायला ‘कार्यालयात अर्ज करा’ म्हणता येणार नाही. कागदावर घेतलेली माहिती संगणकात भरली की तीही कायद्याच्या कक्षेत येते. मुदत संपायची वाट कशाला बघायची? चालू मोसमापासूनच हे पाळायला घ्या.

कुणाला काय कळायला हवं

बसच्या काचेला नाव, आडनाव, इयत्ता आणि पालकांचा फोन असलेली यादी चिकटवलेली तुम्हीही पाहिली असेल. चहाच्या टपरीवर थांबलं की ती कुणालाही वाचता येते. ही पद्धत आजपासून बंद करा. ड्रायव्हरकाकांना मुलांची संख्या पुरते. स्वयंपाक करणाऱ्या मावशींना काय टाकायचं नाही आणि किती ताटांत, एवढंच सांगा, कुणाच्या ताटात ते गटाची ताई बघेल. प्रत्येक दादा-ताईकडे फक्त आपल्या गटातल्या मुलांचं कार्ड असावं. सगळ्यांचे आरोग्यफॉर्म शिबिरप्रमुखाकडे बंद पाकिटात, आणि दुसरी प्रत प्रथमोपचार बघणाऱ्याकडे. डोंगरात रेंज नसते, त्यामुळे हे कागदावरच लागतं.

गूगल शीट वापरत असाल तर ‘लिंक असलेल्या कुणालाही’ हा पर्याय बंद आहे ना, ते स्वतः उघडून बघा. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये प्रत्येक पालकाचा नंबर बाकीच्या सगळ्यांना दिसतो, म्हणून सूचनांसाठी ब्रॉडकास्ट लिस्ट किंवा कम्युनिटी वापरा. ‘अमुकला उलटी झाली, आता बरा आहे’ हा निरोप त्याच्या आईला फोनवर सांगायचा असतो, सगळ्या पालकांना नाही. दादा-ताईंनी मुलांना खासगी मेसेज पाठवायचे नाहीत, शिबिरानंतरही नाही. काही कळवायचं असेल तर पालक किंवा शिबिरप्रमुख त्या संभाषणात असले पाहिजेत.

याद्या पहिल्या नावाने लावा आणि छातीवरच्या बिल्ल्यावरही पहिलंच नाव लिहा. आपल्याकडे आडनाव ऐकलं की पुढचा प्रश्न ‘म्हणजे तुम्ही कुठले?’ आणि त्याच्या पुढचा काय असतो ते सगळ्यांना माहीत आहे. मुलांनी तो शिबिरात एकमेकांना विचारू नये, आणि मोठ्यांनी तर मुळीच नाही.

फोटोंची संमती शिबिराच्या प्रवेशापासून वेगळी ठेवा. फोटोला नाही म्हटलं म्हणून प्रवेश नाकारणार नाही, हे त्याच पानावर लिहा. पर्याय तीन द्या: अजिबात नको, फक्त पालकांना पाठवा, जाहीर ठिकाणीही चालेल. काही गट ‘नको’वाल्या मुलांच्या हाताला रंगीत फीत बांधतात. ते टाळा, दिवसभर प्रत्येक जण फीत कशाची ते विचारत राहतो. त्यापेक्षा फोटो काढणारा माणूस एकच नेमा, यादी त्याच्याकडे द्या आणि बाकीच्यांचे कॅमेरे पिशवीत ठेवा. मुक्काम चालू असताना जागेसह काही टाकायचं नाही, परत आल्यावर टाका. आणि पालकांनी हो म्हटलं असलं तरी मूल नको म्हणालं तर फोटो काढायचा नाही.

कारण न विचारता मिळणाऱ्या गोष्टी

धोरणाचा हा भाग सगळ्यात मोठा असू द्या. ज्या गोष्टी मागताना मुलाला कारण द्यावं लागतं त्यांची यादी करा आणि एक एक करून त्या सगळ्यांनाच द्या, किंवा मागितल्या की लगेच द्या. एका मुलासाठी केलेली गोष्ट लगेच नजरेत भरते, सगळ्यांसाठी केलेली कुणाच्या लक्षातही येत नाही.

अंथरुणाचं असं करता येतं. प्रत्येक तंबूत एक जादा स्लीपिंग बॅग आणि एक मोठी काळी पिशवी आधीच ठेवा. पहिल्या संध्याकाळी सगळ्यांना एकत्र सांगा: ‘रात्री पाणी सांडलं, दव पडलं, काहीही झालं तर ओली बॅग काळ्या पिशवीत भरा, दुसरी घ्या आणि पिशवी पहाटे तंबूच्या मागे ठेवा.’ उजाडायच्या आत एक दादा सगळ्या पिशव्या उचलतो आणि कोणत्या तंबूची कोणती ते बघत नाही. बॅगा उन्हात घालायच्या त्या सगळ्यांच्याच, ओल्या आणि कोरड्या एकत्र. ज्या मुलांना ही सोय लागते त्यांना पहिल्या रात्री शांत झोप लागते, कारण सकाळ कशी होणार हे त्यांना ठाऊक असतं.

पाळीचंही तसंच. शौचालयाच्या तंबूत पॅड, जुनी वर्तमानपत्रं, कागदी पिशव्या आणि झाकणाचा डबा कायम असतो. वापरलेले पॅड पुरायचे किंवा जाळायचे नाहीत, झाकणाच्या डब्यातून परत शहरात आणायचे. गडावरच्या देवळात मुक्काम करायची आपल्याकडे जुनी रीत आहे. मुलांच्या शिबिरात मी ती सोडायला सांगते. बाकी काही नसलं तरी ‘कुणाला अडचण आहे का?’ असं विचारलं जाण्याची शक्यता तिथे असते, आणि तेरा वर्षांच्या मुलीला त्या प्रश्नाचं उत्तर चारचौघांत द्यायला लावणं मला मान्य नाही. मुक्काम गावातल्या घरांत किंवा तंबूंत करा, म्हणजे प्रश्नच उरत नाही.

एकट्याचा छोटा तंबू दोन-तीन जादा न्या. ज्याला हवा त्याला मिळेल, कशाला हवा ते विचारायचं नाही. मुलांच्या तंबूत राहणं आणि मुलींच्या तंबूत राहणं या दोन्हींत अवघडणाऱ्या मुलांना हाच सगळ्यात मोठा आधार असतो. अशा मुलाने विश्वासाने काही सांगितलं असेल तर ते त्याला न विचारता इतर दादा-ताईंना सांगू नका, घरी तर नाहीच.

जेवणात मूळ स्वयंपाक असा ठरवा की सगळ्यांना खाता येईल. पिठलं कांदा-लसूण न घालता करा, ठेचा आणि कांदा वेगळ्या वाटीत ठेवा, अंडी वेगळ्या भांड्यात उकडा. पंगत मात्र एकच. शाकाहारी इकडे आणि मांसाहारी तिकडे असं बसवलं की जातीची रांग आपोआप लागते. कुणाचा रोजा असेल तर त्याचा डबा बाजूला काढून ठेवा आणि दुपारी त्याच्या गटाला सावलीतलं काम द्या.

सवलतीत आलेल्या मुलांची नावं हिशेब बघणाऱ्या एकाच माणसाला माहीत असावीत. सॅक, मॅट, विजेरी सगळ्यांनी संस्थेचीच वापरायची. महागडे बूट आणू नका असं पत्रात लिहा, पकड चांगली असलेले साधे बूट चालतात. शेकोटीभोवती ‘सुट्टीत कुठे कुठे गेलात?’ असे खेळ घेऊ नका.

वाट निवडताना

‘तू तळावर बस, आम्ही वर जाऊन येतो’ याला समावेशन म्हणत नाहीत. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा २१ प्रकारच्या अपंगत्वांची दखल घेतो आणि वाजवी सोयी करून देण्याची कल्पना त्यात स्पष्ट मांडलेली आहे. आपल्या कामात त्याचा अर्थ असा घ्या: प्रत्येक दिवशी तोलामोलाचे दोन कार्यक्रम ठेवा, एक चढाईचा आणि एक तळावरचा, आणि दोन्हीकडे चांगले दादा-ताई द्या. राजमाचीला एक गट वरच्या श्रीवर्धन बालेकिल्ल्यावर जाईल तेव्हा दुसरा खालच्या उधेवाडी गावात राहून पक्ष्यांच्या नोंदी घेईल किंवा ओढ्यातलं पाणी तपासेल. कोण कुठे जाणार ते मुलं ठरवतात. दमा असलेली, कंटाळलेली, पाय दुखणारी आणि पक्ष्यांचं वेड असलेली अशी सगळी मुलं त्या दुसऱ्या गटात एकत्र येतात.

ऐकू न येणारं मूल असेल तर काजव्यांची रात्र आधी उजेडात समजावून सांगा. पावसाच्या तोंडावर भंडारदऱ्याला काजवे बघताना विजेऱ्या विझवाव्या लागतात, आणि अंधारात त्याला ओठही दिसत नाहीत आणि हातही. म्हणून कुठे बसायचं, कधी उठायचं, खांद्यावर दोनदा थोपटलं म्हणजे काय, हे सगळ्यांना खुणांनी शिकवून घ्या. एकदा अंधार झाला की कुणीच बोलायचं नाही. त्या अर्ध्या तासात त्याच्यात आणि इतरांत काही फरक राहत नाही, आणि बाकीची मुलंही काजवे जास्त नीट बघतात.

जे गुपित ठेवायचं नसतं

मुलाला कधीही ‘तू सांगितलेलं मी कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. ‘तू सुरक्षित राहावास म्हणून ज्यांना कळायला हवं त्यांनाच सांगेन’ असं म्हणा. लैंगिक अत्याचाराची शंका जरी आली तरी २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा गुन्हा आहे. संस्थेने आधी ‘आतल्या आत’ चौकशी करायची नाही. मुलाची ओळख कुठेही उघड करायची नाही. चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर मुलांच्या बिल्ल्याच्या मागे छापा. रात्री मूल आणि एकच मोठा माणूस बंद जागेत असू नये, यात कुणाचाही अपवाद नाही, शिबिरप्रमुखाचाही.

गावची मुलं

हे बहुतेक धोरणांत नसतंच. आपण उतरतो ते ठाकर, महादेव कोळी, कातकरी वस्त्यांच्या आसपास. शहरातून आलेल्या मुलांच्या फोटोंसाठी तीन पर्यायांची संमती घ्यायची आणि अंगणात खेळणाऱ्या गावच्या पोराचा फोटो न विचारता काढून जाहिरातीत टाकायचा, हे चालणार नाही. नियम दोघांना एकच. घरात डोकावायचं नाही, विहिरीवर कॅमेरा काढायचा नाही, ‘गरीब पण आनंदी’ असं काही लिहायचं नाही. वाट दाखवणाऱ्या दादांची आणि भाकरी करणाऱ्या मावशींची ओळख मुलांना नावाने करून द्या. गावच्या मुलांसाठी दर शिबिरात काही जागा ठेवा, आणि ती पाहुणी म्हणून नाही, गटात विभागून येतील असं बघा.

परत आल्यावर

आरोग्यफॉर्म आणि गटांची कार्डं महिन्याभरात फाडून टाका, शीटमधले रकाने पुसा, दादा-ताईंच्या फोनवरचे फोटो काढून टाकायला लावा. अपघाताची किंवा तक्रारीची नोंद झाली असेल तर तेवढी बंद फाइलमध्ये ठेवा आणि किती काळ ठेवणार ते धोरणात लिहा. सगळं धोरण साध्या मराठीत दोन पानांत बसवा आणि पालकसभेत मोठ्याने वाचा. तक्रारीसाठी दिलेला फोन शिबिरप्रमुखाचा नको, शिबिराला न आलेल्या विश्वस्ताचा असावा, आणि तो उचलला जातो ना, हे निघायच्या आदल्या दिवशी एकदा लावून बघा.