गव्हाचं जुनं हार्वेस्टर सोयाबीनमध्ये घालताय? या चुका टाळा

टाकीत मूठ घातली आणि हातात निम्मी डाळ, म्हणजे फुटलेले दाणे, आले, की सगळे आधी सोयाबीनला नावं ठेवतात. दाणा फार वाळला होता, वाण नाजूक होतं, ऊन कडक होतं. मशीन मात्र गव्हाचा हंगाम संपल्यावर जसं उभं केलं तसंच थेट शेतात आलेलं असतं. त्याच्या एकाही नटाला पाना लागलेला नसतो.

दाणा फुटू नये म्हणून मळणीचा ड्रम हळू करायचा आणि त्यासाठी ॲक्सिलरेटर कमी करणे. ही चूक आवडीने केली जाते, कारण ती सीटवरून न उठता करता येते. पण इंजिन एकट्या ड्रमला फिरवत नाही. पंखा, चाळण्या, काड झटकून मागे टाकणारे स्ट्रॉ वॉकर, दाणा वर नेणारा एलिव्हेटर सगळे त्याच्याच जिवावर चालतात. इंजिनाचा वेग उतरवला की वॉकरवर काडाचा थर साचतो आणि दाणे त्या थरावर बसून मागून बाहेर जातात. पंख्याची हवा मरते, टाकीत शेंगांची टरफलं येतात, चाळणी भरते. डाळ थोडी कमी झालेली दिसते म्हणून चालक खूश, आणि मागे जमिनीवर पेरणी झालेली असते.

इंजिन कामाच्या पूर्ण फेऱ्यांवरच ठेवा. ड्रमचा वेग कमी करायचा तो व्हेरिएटरने (वेग कमी-जास्त करणाऱ्या पुलीने), आणि तोही मशीन चालू असतानाच. बंद मशीनवर व्हेरिएटर ओढला की पट्टा आणि पुली दोन्ही खराब होतात. व्हेरिएटर पूर्ण खाली आणूनही ड्रम वेगातच असेल, तर पुली किंवा स्प्रॉकेट बदलायला लागेल. दुसरा सोपा रस्ता नाही. 600 मिमी व्यासाच्या ड्रमला गव्हात मिनिटाला 900 ते 1000 फेरे चालतात, म्हणजे ड्रमवरच्या पट्टीचा वेग सेकंदाला साधारण 28 ते 31 मीटर. सोयाबीनला त्याच्या निम्म्यावर, 450 ते 500 पासून सुरुवात करा. फेरे टॅकोमीटर लावून मोजा. जुन्या मशीनच्या डायलवर विसंबण्यात अर्थ नाही.

ड्रमखालच्या जाळीचा (कॉन्केव्हचा) दांडा ज्या आकड्यावर, ड्रम आणि जाळीत तेवढीच फट आहे असं समजणे. नवीन मशीनवर हे एक वेळ चालेल. दहा-पंधरा हंगाम झालेल्या मशीनवर पिना झिजलेल्या असतात, दांड्यापासून जाळीपर्यंतच्या जोडण्यांना (लिंकेजला) ढिलाई आलेली असते, आणि एखादा दगड गिळून जाळी एका बाजूने वाकलेली असते. मग होतं ते असं. दांडा 20 वर आहे, तरी टाकीत डाळ येते. चालक ड्रम 500 वरून 450 करतो. डाळ तशीच. 400 करतो. आता डाळही आहे आणि मागून न फुटलेल्या शेंगाही जाताहेत. शेंगा दिसल्या म्हणून तो जाळी जवळ घेतो, डाळ दुप्पट होते. दोन तासांत एकाच मशीनमध्ये दोन उलटे रोग, आणि दिलेलं प्रत्येक औषध एक रोग वाढवणारं. झाकण उघडून मोजलं की कोडं सुटतं: डावीकडे 24 मिमी, उजवीकडे 9. उजवी बाजू दाणा फोडते आहे, डावी शेंग तशीच सोडते आहे. अशा मशीनला वेग कितीही दिला तरी बरोबर नाही.

मोजायचं कसं? इंजिन बंद, किल्ली खिशात, ड्रम पूर्ण थांबलेला. ड्रम हाताने फिरवून सगळ्यात उंच रास्पबार (ड्रमवरची मळणीची पट्टी) शोधा आणि प्रत्येक माप त्याच एका बारवर घ्या. डावीकडे आणि उजवीकडे, पुढच्या तोंडाशी आणि मागच्या टोकाशी, अशी चार मापं. सोयाबीनला पुढे 25 मिमी आणि मागे 12 ते 15 मिमीच्या आसपास सुरुवात करावी, आणि दोन्ही बाजू सारख्या येईपर्यंत जाळी लटकवणाऱ्या बोल्टांचे नट फिरवावेत. त्यानंतरच दांड्याकडे बघा आणि खऱ्या मापाच्या जागी रंगाची खूण करा. रास्पबार झिजला असेल तर एकटा बदलू नका. समोरासमोरची जोडी बदला, नाहीतर ड्रम थरथरतो.

गव्हासाठी जाळीच्या पुढच्या भागात लावलेल्या बंद पट्ट्या तशाच राहिल्या असतील तर काढा. बारीक तारांची जाळी असेल तर एकाआड एक तार काढली की सुटलेला दाणा लगेच खाली पडतो आणि पुन्हा मार खात नाही.

पंखा कमी करू नका. सोयाबीनचा दाणा जड आहे, त्याला हवा भरपूर लागते. मागे दाणे उडायला लागेपर्यंत वाढवा, मग थोडी मागे घ्या. वरची चाळणी 15 मिमी आणि खालची 10 मिमी उघडून सुरुवात करा. खालची फार मिटलेली असेल तर चांगले दाणे परतीच्या एलिव्हेटरमधून पुन्हा ड्रमकडे जातात आणि दुसऱ्या फेरीत डाळ होतात. परतीत मूठभर न फुटलेल्या शेंगा चालतील, चांगले दाणे नकोत.

ड्रमला शिव्या देण्याआधी एक तपासणी. भरल्या पिकात मशीन एकदम थांबवा, बंद करा, आणि चाळणीवरचा दाणा टाकीतल्या दाण्याशी ताडून बघा. चाळणीवर अख्खा आणि टाकीत फुटलेला असेल, तर एलिव्हेटरची सैल साखळी किंवा दाणा पुढे ढकलणारा, धार आलेला स्क्रू (ऑगर) दोषी आहे.

कटरबारकडे, म्हणजे पीक कापणाऱ्या पात्यांकडे, दुर्लक्ष ही तर सगळ्यांचीच सवय. सोयाबीनचं सर्वाधिक नुकसान मशीनच्या तोंडाशीच होतं, मागे नाही. पाती बोथट असली की झाड हलतं आणि शेंग तडकते. रील (पीक पात्यांकडे ओढणारं चक्र) मशीनच्या चालीपेक्षा फार तर सव्वापट वेगाने फिरवा. ताशी 4 किमी चाल आणि 1 मीटर व्यासाचा रील असेल तर मिनिटाला साधारण 25 फेरे पुरतात. गव्हाच्या वेगाने फिरणारा रील शेंगा झोडपतो.

एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन नट एकदम फिरवून मोकळे होणाऱ्यांना कोणता नट लागू पडला ते कधीच कळत नाही.

सकाळी बसवलेलं माप दुपारी चालत नाही. ऊन चढलं की शेंग कडक होते, तेव्हा ड्रम आणखी 50 फेऱ्यांनी खाली आणा. दाण्यात ओल 11 टक्क्यांच्या खाली गेली असेल तर सरळ थांबा आणि संध्याकाळी काढा.

गळती डोळ्यांनी अंदाजू नका. 1 चौरस मीटरची चौकट टाकून दाणे मोजा. शंभर दाण्यांचं वजन 12 ग्रॅम असेल, तर चौकटीत 100 दाणे म्हणजे हेक्टरी 120 किलो जमिनीवर. उभ्या पिकात आधीच पडलेले दाणे मोजून वजा करा. एक चौकट मशीन थोडं मागे घेऊन कटरबारच्या पुढे कापलेल्या पट्ट्यात टाका, दुसरी मशीनच्या मागे. पुढचा आकडा मोठा असेल तर ड्रमला हात लावू नका, पाती आणि रील बघा.