कॉलेजातल्या पोरांची रात्री घरी यायची वेळ कशी ठरवायची

घरात सतरा ते एकोणीस वयाचं पोरगं असलं की रात्री साडेनऊला एक फोन ठरलेला असतो, "कुठे आहेस?" आणि उत्तरही ठरलेलंच, "निघालोच". हे "निघालोच" म्हणजे अजून कटिंगची ऑर्डरसुद्धा गेलेली नाही असं खुशाल समजावं. आमच्याकडे मुलगा सेकंड इयरला आणि मुलगी बारावीला, राहायला डोंबिवलीत, त्यामुळे खालचं सगळं थोडं लोकलवाल्यांच्या अंगाने आलंय, पुणे-नाशिकवाल्यांनी आपापल्या हिशोबाने घ्यावं.

पहिली गोष्ट, आकडा आधी सांगूच नका. बहुतेक घरांत "दहा म्हणजे दहा" असतं आणि हे दहा कुठून आले विचारलं तर कोणालाच सांगता येत नाही, आपल्याला दिवेलागणीला घरात लागायचं म्हणून यांना दहा म्हणजे आपण किती मॉडर्न, एवढाच काय तो हिशोब. त्याऐवजी परतीचा प्रवास ठरवा. कुठून निघणार, कशाने येणार, सोबत कोण, आणि स्टेशनपासून घरापर्यंत काय. शेवटचा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा कारण गडबड तिथेच होते. दादरहून डोंबिवली फास्टने तासभर धरा, पण पुढे शेअर रिक्षाची लाइन अकरानंतर पातळ होते, मग रिक्षावाला म्हणतो "स्पेशल होईल", आणि बारा ते पाच मीटरला सव्वापट असतंच. म्हणून आमच्याकडे नियम वेळेचा नाही, गाडीचा आहे, शेवटच्या लोकलच्या आधीची लोकल पकडायची. शेवटची नाही. ती चुकली की पहाटे चारच्या पुढेपर्यंत प्लॅटफॉर्मवर बसा, आणि आधीची चुकली तर निदान हातात एक गाडी असते. एवढं ठरलं की घरी पोचायची वेळ आपोआपच निघते आणि पोरांना ती पटतेही, कारण टाइमटेबल काही आईने छापलेलं नसतं. अर्थात ही झाली बाहेरची हद्द, रोजची वेळ त्याच्या बरीच अलीकडे असते. पुण्यात मेट्रो अकरापर्यंत असते आणि रात्री बस विरळ होतात, मग सगळी भिस्त टू-व्हीलरवर.

टू-व्हीलरचं नीट वाचा. सोळाव्या वर्षी पालकांच्या संमतीने लायसन मिळतं ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं, आणि आपल्या घरात असते ती स्कूटर ११० नाहीतर १२५ सीसीची. म्हणजे खरं वय अठराच. "सोसायटीच्या कोपऱ्यापर्यंतच तर जातोय" याला अर्थ नाही. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड होऊ शकतो, गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभरासाठी रद्द, आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही. १९ मे २०२४ ला पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेने दोन तरुण इंजिनिअर गेले, त्या केसमध्ये गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता असं पोलिसांचं म्हणणं, आणि त्यात घरच्यांनाही अटक झाली. त्यामुळे सतराव्या वर्षाच्या पोराची वेळ ठरवताना "गाडी घेऊन जा म्हणजे लवकर येशील" हा पर्याय मोजायचाच नाही. मागे बसून येणार असेल तर चालवणारा कोण, लायसन आहे का आणि प्यायलाय का हे तिन्ही प्रश्न विचारायचे, मग तो कितीही चांगल्या घरचा असो. आपल्याकडे बिअर-वाईनला २१ आणि बाकी दारूला २५ वय लागतं हे पोरांना माहीत असतं, तरी ग्रुपात कोणीतरी घेतंच. आम्ही एवढंच सांगून ठेवलंय की चालवणारा प्यायलेला दिसला तर बसायचं नाही, फोन करायचा, किती का वाजेनात, न्यायला येऊ आणि त्या रात्री एक शब्द विचारणार नाही. आणि हे शेवटचं वाक्य खरं करून दाखवायला लागतं, रिक्षात बसल्याबसल्या लेक्चर सुरू केलं तर पुढच्या वेळी फोन येत नाही.

आता बोलायचं कधी. रात्री साडेअकराला दारात उभं राहून तर अजिबात नाही. रविवारी पोहे खाताना बसा, आणि त्याआधी नवरा-बायकोने आपसात एकमत करून घ्या, नाहीतर "बाबा हो म्हणालेत" हे वाक्य तयारच असतं. आकडा त्यांना बोलू द्या. आमचं मुलाशी साधारण असं झालं:

"साडेअकरा."
"रोज?"
"रोज कशाला, शनिवारी."
"मग बाकीचे दिवस?"
"क्लासच नऊला सुटतो गं आई, नंतर अर्धा तास तर खाली उभं राहतोच."
"मग दहा. आणि शनिवारी अकरा."
"सव्वाअकरा."

सव्वाअकरा झाले. तो पाव तास त्याने जिंकला म्हणून पाळतोही, आपण आधीच सव्वाअकरा दिले असते तर साडेअकरासाठी भांडला असता. परीक्षेच्या महिन्यात वेगळी वेळ लावायची की नाही हे तुमचं तुम्ही बघा, मला विचाराल तर गरज नसते, अभ्यास न करणारा घरात बसूनही करत नाही.

आता भाऊ-बहीण. मुलगा अकरा आणि मुलगी साडेआठ हे बऱ्याच घरांत कोणी न बोलता ठरलेलं असतं आणि मुलीने विचारलं की "जमाना वाईट आहे" असं म्हणून विषय संपवतात. माझं स्पष्ट मत, दोघं एका वयाचे झाले की वेळ एकच हवी. रस्ता अंधारा असेल तर तो दोघांनाही अंधाराच आहे, फरक असेल तर तो सोयीत करा, वेळेत नको. म्हणजे मुलीला स्टेशनवर घ्यायला जा, लेडीज डब्यात बस म्हणून सांगा (रात्री तिथे पोलीस असतो), ११२ स्पीड डायलला टाकून द्या, पण म्हणून तिचे अडीच तास कापू नका. आणि खरं सांगायचं तर आपल्याला भीती जेवढी रस्त्याची असते तेवढीच वॉचमन आणि समोरच्या काकूंची असते. ती भीती मुलीच्या वेळेतून वसूल करायची नाही. सासूबाईंचं यावर वेगळं मत आहे, ते त्या रोज सांगतात, आम्ही ऐकतो.

अठरा पूर्ण झालेलं पोर एक दिवस म्हणणारच, "मी आता मेजर आहे". बरोबर आहे, कायद्याने आहेच. तिथे भांडू नका. घरात राहणारा प्रत्येक माणूस कधी येणार ते सांगून जातो असं म्हणा, आणि मग बाबांनीही ऑफिसची पार्टी असली की ग्रुपवर टाकायचं. बाबा टाकत नसतील तर नियम मेलाच म्हणून समजा.

उशीर होणार असेल तर मेसेज ठरलेली वेळ उलटायच्या आधी आला पाहिजे, आणि त्यात तीन गोष्टी हव्यात, कुठे आहे, कशाने येतोय, किती वाजतील. "लेट होईल" एवढाच मेसेज म्हणजे मेसेज नाही. व्हॉट्सअॅपचं लाइव्ह लोकेशन पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तास असं लावता येतं, आम्ही फक्त परतीच्या प्रवासापुरतं एक तासाचं घेतो. आठ तासांचं मागितलंत की पोर फोन मित्राच्या बॅगेत ठेवून भलतीकडे जायला शिकतं आणि आपण त्या बॅगेकडे बघत बसतो. पॉवर बँक मात्र सक्तीची करा, "बॅटरी संपली" हे कारण कायमचं बाद होतं.

चुकलं तर काय? दहा-पंधरा मिनिटं सोडून द्या. न कळवता तासभर उशीर झाला तर पुढच्या शनिवारी तेवढाच तास आधी यायचं, बस. फोन काढून घेऊ नका, रात्री संपर्काला तोच लागतो. मेगाब्लॉक, पाऊस, ओव्हरहेड वायर तुटली, हे उशिरात धरायचं नाही, मात्र एम-इंडिकेटर हे लोकलचं अॅप बघून खात्री करून घ्यायला हरकत नाही. रात्री दारात आरडाओरडा नको, ताट झाकून ठेवा, जे काय बोलायचं ते सकाळी. आणि लॅचची एक किल्ली त्यांच्याकडे द्याच. आपण जागं राहून दार उघडायचं ठरवलं तर शिक्षा आपल्यालाच होते.

राहिले अपवाद, ते आधीच ठरवले तर निम्मी भांडणं होत नाहीत. सगळ्यात मोठा घोळ बर्थडेचा, कारण हल्ली केक रात्री बारालाच कापायचा असतो आणि तोही कुठल्यातरी पुलावर नाहीतर रस्त्यात बाइकवर ठेवून. आमचा तोडगा, केक बाराचा असेल तर आमच्या नाहीतर मित्राच्या बिल्डिंगखाली, आणि रात्री त्याच घरी झोपायचं, त्याच्या आईशी मी बोलून घेणार. हे बोलून घेणं पोरांना फार लाजिरवाणं वाटतं, वाटू दे. नवरात्रात लाउडस्पीकर एरवी दहाला बंद होतो, ठरावीक दिवशी बारापर्यंत परवानगी असते, त्यामुळे गरबा संपल्यावर अजून दोन तास कुठे होतात हा प्रश्न रास्त आहे. नाइट ट्रेकला वेळ नसतेच, तिथे ग्रुपमधल्या दोघांचे नंबर आणि परतीची कसाऱ्याची गाडी कुठली ते लिहून घ्यायचं. दिवाळीत पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडला तरुण मंडळी जमतात, तिथे जायला साडेचारला निघतात त्याला आमची ना नाही. विसर्जनाच्या आणि ३१ डिसेंबरच्या रात्री रेल्वे जादा लोकल सोडते, त्या दोन-तीन दिवस आधी जाहीर होतात, तोपर्यंत पोरांना काही कबूल करू नका, गाड्या कळल्या की मग वेळ सांगा.